आदी करंट, मंग तार, मंग हवा

दादाराव बिघडलेल्या फोनला आल्या आल्या हात लावत नसत. सायकल लिंबाला टेकवायची, कापडी थैली ओट्याच्या कडेला ठेवायची, टोपी काढून गुडघ्यावर अडकवायची आणि घरातल्या एकेकाला विचारायचं, "काल काय केलं याले?"

सगळे म्हणत, "काही नाही केलं."

"हाव. मंग त्याच्या मनानंच मेला तो," असं म्हणत ते उठायचे. काही नाही केलं म्हणणाऱ्यानंच काहीतरी केलेलं असतं, आणि जो सगळ्यात आधी म्हणतो त्यानं सगळ्यात जास्त, हा त्यांचा अनुभव. आमच्या घरात सगळ्यात आधी मी म्हणायची.

मग तपासणी. तिचा क्रम कधी बदलला नाही. "आदी करंट, मंग तार, मंग हवा." पहिल्यांदा बॅटरीत जीव आहे का ते बघायचं. असला तर पेटीपासून छपरापर्यंतची तार चिमटीत धरून वीत वीत तपासत जायचं. दोन्ही धड निघालं तरच हवेला बोल लावायचा. येता येताच हवेला बोल लावणारा मेकॅनिक म्हणजे जेवायची घाई असलेला मेकॅनिक, असं ते म्हणत.

माझ्या आताच्या घरात भिंतीला इंटरनेटची डबी आहे. तिचा हिरवा दिवा गेला की पुण्याची लेक सांगते, "आई, बंद करून चालू कर." मी करत नाही. मी आधी करंट बघते, मग तार. बहुतेक वेळा पिनच ढिली निघते. "हे तुला कोणी शिकवलं गं?" असं ती विचारते, आणि मी दरवेळी काहीतरी वेगळंच सांगून मोकळी होते. खरं उत्तर लांब आहे, आणि त्यात माझी शोभा होत नाही.

मी मुधोळची, आदिलाबाद जिल्ह्यातल्या. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला लग्न होऊन जैनथकडच्या या गावात आले. पैनगंगेच्या काठावरचं गाव. अलीकडे आंध्र, पलीकडे महाराष्ट्र, आणि दोन्हीकडे तोच कापूस, तीच ज्वारी, तेच सोयरे. माझे सासरे पटेल. निजामाच्या काळातली पटेलकी कागदावरून कधीच गेली होती, पण ओट्यावरून गेली नव्हती. म्हणून सरकारनं गावाला पहिला फोन दिला तो आमच्या ओट्यावर बसवला.

हा फोन तारेचा नव्हता. आदिलाबादहून आमच्यापर्यंत खांब आणणं सरकारला जमत नव्हतं, म्हणून त्यांनी हवेचा फोन दिला. छपरावर उंच लोखंडी डांब, त्याच्या शेंड्याला माशाच्या काट्यासारखा अँटेना, गोठ्याच्या टिनांवर उन्हावर बॅटरी भरणारी निळ्या काचेची प्लेट, ओट्यावर एक पेटी आणि पेटीवर काळा फोन. बोललेलं हवेतून आदिलाबादला जायचं आणि तिथून पुढे जगात. असे फोन आसपासच्या आठ-दहा गावांना होते, आणि सगळ्यांना मिळून हवेतल्या वाटा दोनच.

घरात दहावी पास मी एकटी. ते शिक्षण तोवर लोणच्याच्या बरणीवर साल लिहायला उपयोगी पडत होतं. आता मी फोनवाली झाले. सुरुवातीला घंटी वाजली की मी आधी डोक्यावर पदर घ्यायची आणि मग रिसीव्हर उचलायची. न जाणो, पलीकडे चुलतसासरे असले तर? एकदा खरंच निघाले, तेव्हा मी फोनच्या पाया पडले. सासूबाईंनी ही गोष्ट तीन लग्नांत सांगितली.

दादाराव आमच्याच गावचे, पण खालच्या टोकाचे, बौद्धवाड्यातले. ऐंशी-ब्याऐंशीपासून ते फोनखात्यात रोजंदारीवर खड्डे खणत होते. इंद्रवेल्लीच्या रानात खांबांवर तार ओढताना एका अस्वलानं त्यांना अर्धा दिवस खांबावर बसवून ठेवलं होतं म्हणे. वर बसल्या बसल्या त्यांनी राहिलेलं काम उरकून टाकलं. "खाली अस्वल, ऑफिसात साहेब," ते सांगत. "अस्वल बरं. ते लेखी मागत नाही." पुढे पक्के झाले, हवेच्या फोनचं काम शिकून आले, आणि आठ-दहा गावांचे फोन एका सायकलवर सांभाळायला लागले. शाळा चौथीपर्यंत. ऑफिसात तेलुगू, इंजिनिअरशी हिंदी, आमच्याशी आमची भाषा.

त्यांच्या थैलीत पाना, पक्कड, तारेच्या जोडाला डाग द्यायची कांडी आणि एक स्टीलचा गिलास असायचा. पहिल्यांदा मी चहा कपात नेला, तेव्हा त्यांनी थैलीतून गिलास काढून पुढे धरला. "यात वता सूनबाई. कप फुटते." मी ओतला. मागे उभ्या असलेल्या सासूबाईंचा सुटलेला श्वास मला ऐकू आला. मी मुधोळहून फार सुधारलेली होऊन आले आहे अशी माझी समजूत होती. पण त्या दिवशी मी कप मुकाट्यानं घरात परत नेला आणि न वापरलेला कप धुऊन ठेवला.

मी त्यांना मामा म्हणायची. सासूबाईंनी विचारलं, "काऊन वो, तुह्या मायचा भाऊ हाय का तो?" दादारावांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मले दादारावच म्हना. मामा म्हटलं का रुखवताले बोलावा लागते." मी मामाच म्हणत राहिले, फक्त आवाज खाली आणला. माझी सुधारणा तेवढीच.

फोन बसून आठवडा झाला नाही तोच मेला. दादाराव आले, सगळ्यांना विचारलं, कोणीच काही केलं नव्हतं. बॅटरी बघितली, तर पार रिकामी. तीन दिवस कडक ऊन पडलेलं, मग रिकामी कशी? ते गोठ्यावर चढले आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभे राहिले. प्लेटवर हळदीचा जाड लेप होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, गुलाल, आणि सगळ्यावर पांघरलेला हिरवा खण. खणाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. सूर्यनारायणाचं यंत्र घरी आलं म्हणून सासूबाईंनी मंगळवारी त्याची पूजा केली होती, आणि दृष्ट लागू नये म्हणून झाकून ठेवलं होतं.

पूजा मोडायची कोणी? सासरे वर बघत होते, मी खाली बघत होते. दादाराव वरूनच म्हणाले, "पटेलीनबाई, हा देव हाय ना?"

"नाही तं काय?"

"मंग देवाले रोज आंघोळ लागते का नाही?"

"लागते."

"अन् आंघोळीच्या वक्ताले आंगावर कपडा ठेवते का?"

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि खण काढायला सांगितला. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या प्लेटला आंघोळ घालू लागल्या, मऊ फडक्यानं कोरडं करू लागल्या, आणि हळदीचं बोट काचेला न लावता लोखंडी चौकटीला. दादाराव सांगत, साऱ्या गावांत एवढी स्वच्छ प्लेट दुसरी नाही. स्वतः ते देवधर्म मानत नसत. पण दुसऱ्याच्या देवाकडून सरकारी काम करून घ्यायची कला त्यांना होती.

दुसऱ्या वेळी सासऱ्यांचे चुलते, गणपतआबा, कारण ठरले. वाऱ्यावावधानाच्या दिवसांत फोन गेला. सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला. दादाराव डांबावर चढले आणि उतरून म्हणाले, "अँटेना फिरला हाय. पण वारा नट घट्ट करून जात नाही. कोणं केलं?"

आबांनी छाती काढली. "मीच सालगड्याले वर चढवलं. काऊन नाही फिरवाव? माही पोरगी नदीपल्याड, जावई पल्याड, सोयरे सारे पल्याड. अन् याचं तोंड आदिलाबादेकडं! तिकडं कोण हाय माहं? तहसीलदार?"

दादारावांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि काडीनं धुळीत रेघा ओढून दाखवल्या. आपलं बोलणं आधी आदिलाबादला जातं, तिथून हैदराबाद, तिथून महाराष्ट्रात नागपूर, मग यवतमाळ, मग पोरीचं गाव.

"कोसभर जावाले हैदराबादेवरून?"

"हाव, आबा."

आबा बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. "म्हणजे निजाम मेला तरी त्याले इचारूनच नदी वलांडा लागते," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठून गेले.

मला दादारावांनी शिकवलं ते असं शिकवलं, की अजून हात आपोआप तसेच चालतात. आणि सगळ्यात जास्त घोकून घेतलं ते हे: रिसीव्हर उघडा ठेवायचा नाही. बोलणं झालं की जागेवर. कोणी हाक मारली, दूध उतू गेलं, पाहुणा आला, आधी रिसीव्हर जागेवर. "उघडा राह्यला का बॅटरी उतरते. अन् दोनच वाटा हायेत हवेत. आपण एक अडवून बसलो तं बाकीच्या गावांत कोणी मरून राह्यला तरी त्याले डॉक्टर लागणार नाही. म्हना, उघडा ठेवाचा नाही."

"उघडा ठेवायचा नाही," मी म्हणायची. दर खेपेला ते माझ्याकडून हे वदवून घेत.

एवढी ताकीद फक्त आमच्या फोनला का, ते मला पुढे कळलं. दादारावांना एकच मुलगा, मिलिंद. बायको तो लहान असतानाच गेलेली. पोरगा दहावीपर्यंत मराठीत शिकला, हुशार म्हणवून घेत शिकला, आणि आदिलाबादच्या कॉलेजात गेला तर तिथे सगळं तेलुगू आणि इंग्रजी. पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदाही झाला. दादारावांना त्याला खात्यात खुर्चीवर बसलेला बघायचं होतं. डांबावर चढायला आपण होतोच. दुसऱ्या निकालाच्या दिवशी आमच्याच ओट्यासमोर, चार माणसांत, त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणाले, "पास झाल्याबिगर तोंड दाखवू नको." मिलिंद तसाच मागे वळला आणि दुपारच्या बसनं गेला. ही मी गावात यायच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या ओट्यावर फोन बसला, तसा दादारावांनी त्याचा नंबर चिठ्ठ्यांवर लिहून वाटायला सुरुवात केली. कामाला परमुलखात जाणारे मजूर, कापसाच्या ट्रकचे ड्रायव्हर, बांगड्यावाला, जो गाव सोडेल त्याच्या खिशात एक चिठ्ठी. अशीच एक चिठ्ठी सुरतेत पोचली. तिथून सुट्टीवर आलेल्या गावच्या एका मजुरानं येऊन सांगितलं, "भेटला मिलिंद. मीलमधी हाय. चिठ्ठी घेतली, वाचली, खिशात ठेवली. म्हणे, करतो."

हे मला सांगताना दादाराव पेटीचं झाकण पुसत होते. "तोंड दाखवू नको म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "आवाज आयकवू नको असं नोहतं म्हटलं." आणि स्वतःच्या वकिलीवर स्वतःच हसले. त्यांना मोकळं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर बाकीच्या गावांचे फोन आठवडा-आठवडा मेलेले असत, पण आमचा दोन तासांच्या वर मेला नाही. आणि जेव्हा मरायचा तेव्हा सायकलवरून उतरता उतरताच ते म्हणायचे, "आजच केला असन त्यानं."

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी गाव ओस पडलेलं. घरात मी एकटी. सासूबाई शेजारी गेलेल्या, बाकी सगळे शेतात. घंटी वाजली. मी पदर घेतला, फोन उचलला. पलीकडे खरखर, आणि खरखरीतून एका तरण्या माणसाचा आवाज. "पटेलाचं घर का? दादाराव फोनवाले हायेत का? मी त्यांचा मुलगा."

"आहेत, आहेत, घरीच आहेत, आज रविवार," मी ओरडले. "बोलावून आणते."

आणि मी रिसीव्हर नीट पुसला, जागेवर ठेवला आणि पळाले.

हो. जागेवर ठेवला. आज हे वाचताना तुमच्या लक्षात आलं तेवढंही त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. उलट इतक्या गडबडीतही आपण मामांचा नियम विसरलो नाही, याचं मला पळता पळता कौतुक वाटत होतं. पटेलांची सून, पायात चप्पल नाही, डोक्यावरचा पदर खांद्यावर, गावाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत धावत गेली. बौद्धवाड्यात मी तेव्हा पहिल्यांदा पाऊल ठेवलं. दादाराव दारातच जेवत बसले होते. "मिलिंदचा फोन," मी म्हणाले. ते ताटावरून उठले ते हात न धुता.

ओट्यावर चढताना त्यांची नजर जागेवर ठेवलेल्या रिसीव्हरवर गेली. ते थबकले. मग डाव्या हातानं उचलून कानाला लावला. उजव्या हाताला भाकरीचा काला लागलेला.

"काय झालं याले?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं. तेवढ्यात सासूबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे बघत.

"काही नाही केलं मी," मी म्हणाले. "आपोआप कटला. मी निघायच्या आधीच. पुन्हा करेल म्हणून तुम्हाला बोलवायला आले."

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. मग म्हणाले, "असन. हवा खराब हाय आज." बॅटरी न बघता, तार न बघता त्यांनी हवेला बोल लावला. एवढी वर्षं मी तेवढ्यावर विचार केला असता तरी सगळं समजलं असतं. पण सुटका झालेल्या माणसाला कुठलं समजतं?

संध्याकाळपर्यंत ते फोनपाशी बसले. हात तसाच वाळला.

दुसऱ्या दिवशी ते थैली घेऊन आले आणि दोष शोधू लागले. पुढची तीन वर्षं ते शोधत होते.

तार नवीन घातली. जोड उकलून परत डाग दिले. डांबावर चढून अँटेनाचा एकेक काटा कापडानं पुसला. आठवड्यातून दोन-तीनदा, आसपासच्या गावांचं काम उरकलं की दुपारी आमच्या ओट्यावर. पेटी उघडायची, समोर मांडायची, आदिलाबादच्या एक्स्चेंजला फोन लावून विचारायचं, "बागुंदा?" म्हणजे, चांगलं ऐकू येतं का? तिकडची बाई म्हणायची, "बागुंदी." चांगलं आहे. दर वेळी चांगलंच असायचं. मग ते पेटी पुन्हा उघडायचे.

सासरे येता-जाता विचारत, "काय गा, अजून तोच दोष?"

"तोच, पटेल. येते अन् जाते. येणारा-जाणारा दोष सापडाले कठीण."

"सरकारले म्हणाव, मशीन बदल."

"दरख्वास्त देली हाय, पटेल."

दरख्वास्त दिलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. बाकीच्या गावांतून तक्रारी वाढल्या. नव्या दमाचे मेकॅनिक त्यांना हसू लागले की दादारावांना एक पेटी तीन वर्षं उलगडत नाही. इंजिनिअरनं दोनदा झापलं. मी त्यांना म्हटलं, एकदा सुरतेला जाऊनच या ना. ते म्हणाले, "मी तिकडं गेलो अन् त्यानं इकडं केला तं?" मग त्याच मजुराला परत विचारायला लावलं. उत्तर आलं, मिलिंदची मील बंद पडली. पोरं पांगली. तो कुठे गेला कोणाला माहीत नाही.

ते उत्तर आलं त्या दिवशीही त्यांनी पेटी उघडली होती. आत काही बघत नव्हते. नुसते पान्यानं एक नट ढिला करत होते आणि घट्ट करत होते.

मी रोज ठरवायची, आज सांगते. चहा घेऊन जायची, गिलासात ओतायची, बोलायला तोंड उघडायची आणि विचारायची, "साखर बरोबर आहे ना?" तीन वर्षांत मी त्यांना साखरेविषयी इतक्या वेळा विचारलं, की त्यांना वाटलं असेल ही बाई चहा न चाखता देते. माझ्या पोटात पोर होतं, झालं, चालू लागलं. ते ओट्यावर रांगत दादारावांच्या थैलीकडे जायचं आणि सासूबाई त्याला उचलून आत न्यायच्या. मी हे सगळं बघायची आणि साखरेचं विचारायची.

मग तारेचे खांब आले. अखेर आमच्याही गावात घरोघरी फोन मिळणार होते. सगळ्यांना आनंद झाला. दादाराव मात्र ऑफिसात खेटे घालायला लागले, कारण तारेच्या फोनचा नंबर नवीन असणार होता. मिलिंदच्या खिशातली चिठ्ठी जुन्या नंबराची. तो नंबर नव्या फोनला द्या, एवढीच त्यांची मागणी. इंजिनिअर म्हणाले, "वो नंबर हवा का है, दादाराव. तार पे कैसे आएगा?" मग ते आमचा हवेचा फोन काढणं लांबवत राहिले. बाकीच्या साऱ्या गावांचे डांब उतरले. आमच्या घरात तारेचा फोन वाजत होता आणि बाहेर ओट्यावर जुना मुका बसलेला होता. 'तपासणी चालू' असं लिहून त्यांनी सहा महिने काढले. शेवटी लेखी हुकूम आला, आणि तो हुकूमही त्यांनाच बजावायचा होता.

भर दुपारी एकटेच आले. डांबावर चढून अँटेना सोडवला, दोरीनं खाली सोडला. प्लेट उतरवली, सासूबाईंनी सकाळीच पुसली होती. बॅटरी, पेटी, एकेक वस्तू ओट्यावर मांडली. फोन सगळ्यात शेवटी ठेवला. मी चहा घेऊन गेले, पण या वेळी साखरेचं विचारलं नाही.

"मामा, तो फोन कटला नव्हता. मी ठेवला होता."

ते तारेचं वेटोळं करत होते. हात थांबला नाही. "मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. कटलेल्या फोनासाठी कोणी अनवाणी पळत येत नाही, सूनबाई."

"मग बोलला का नाही?"

"तुमच्या सासू दारात उभ्या होत्या. नवीन होत्या तुमी."

"पण मग तीन वर्षं… दोष काय शोधत होता?"

त्यांनी वेटोळं खाली ठेवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलले. "पोराच्या फोनाची वाट पाहून राह्यलो म्हणून पटेलाच्या ओट्यावर मले किती दिवस बसू देल्लं असतं? चार दिवस. पाचव्या दिशी म्हटलं असतं, जा बाबा घरी, आला तं बोलावू. हातात पाना असला का कोणी उठवत नाही."

मी म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं मामा. उघडा ठेवायचा नाही."

"हाव. मीच सांगतलं." त्यांनी खाली ठेवलेलं वेटोळं पुन्हा उचललं. "बोलावाले जाता तवा ठेवाचा नाही, हे सांगाचं राह्यलं माह्याकून. मले वाटलं, ते तं कोणालेही समजते." मग घाईनं म्हणाले, "तुमचा दोष नाही म्हणत मी. आमालेही आदी कोणी सांगतलं होतं, तवाच समजलं होतं."

गिलासातला चहा तसाच होता.

"काय म्हणे तो?" त्यांनी विचारलं. तीन वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

"दादाराव फोनवाले आहेत का, म्हणाला. मी त्यांचा मुलगा, म्हणाला."

"रागात होता का?"

"नाही."

"अन् तुमी बोलावाले जातो म्हटलं, तवा?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. सवयही होती. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, की मी खरं ते सांगितलं. "तो म्हणाला, थांबतो मी."

दादाराव ओट्याच्या पायरीवर बसले. पायरीवर, ओट्यावर नाही. मी रिसीव्हर जागेवर ठेवला तेव्हा सुरतेतल्या कुठल्याशा बूथमध्ये त्या पोराच्या कानात काय वाजलं असेल, आणि पटेलाच्या घरून आपला फोन कोणी आणि का ठेवला असं त्याला वाटलं असेल, हे आम्ही दोघंही पुरतं ओळखून होतो. ते एवढंच म्हणाले, "त्याले वाटलं असन, मीच ठेवाले लावला."

मग उठले. पेटी कॅरिअरला बांधली. बॅटरी एका बाजूला, प्लेट गोणपाटात गुंडाळून दुसऱ्या बाजूला. अँटेना हँडलला आडवा. निघता निघता खिशातून खात्याचा छापील कागद काढला.

"सही लागते तुमची. पटेल नाहीत तं घरातलं कोणी चालते."

कागदावर त्यांनी माझ्यासमोर, चौथीच्या अक्षरात, सावकाश भरलं. कोणत्या गावचा सेट. कोणी काढला. मग 'हालत' असा रकाना होता. तिथे पेन थांबला. "चालू लिवू का बंद?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "चालू."

त्यांनी 'चालू' लिहिलं. खाली 'तक्रार' असा रकाना होता. तिथे 'काही नाही' लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिला. मी सही केली. त्यांनी कागदावर फुंकर मारली, घडी घातली, खिशात ठेवला.

सायकलवर बसायला जागाच उरली नव्हती. अँटेना दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, म्हणून ते सायकल हातानं धरून रस्त्याच्या मधोमध चालत जैनथच्या बाजूला गेले. समोरून बस आली तेव्हा ते कडेच्या कापसात उतरून उभे राहिले. बस गेली, धूळ खाली बसली, तरी बराच वेळ तिथून हलले नाहीत.